भोंग्यापासून बिल्ल्यापर्यंत

एखाद्या गावाची ओळख बाहेरच्या माणसास बहुधा तेथल्या खाण्यापिण्यावरून होते. इंदूर म्हटले की पोहे-जिलेबी, सराफ्यातला भुट्ट्याचा कीस आणि अलीकडच्या काळात स्वच्छतेचा पहिला क्रमांक, इतके सांगून पाहुणा मोकळा होतो. हे सारे खरे असले तरी गाव पुरते कळावयाचे असेल, तर तेथे माणसांना कामावर कसे घेतले जाते, कामावर कसे वागवले जाते आणि कामावरून निरोप कसा दिला जातो, या तीन गोष्टी पाहाव्यात असे आम्हांस वाटते. वाडे, देवळे आणि छत्र्या यांवरून गावाचे वैभव कळते. या तीन गोष्टींवरून त्याचा स्वभाव कळतो.

आमच्या शासकीय विद्यालयातून दरवर्षी बारावीची मुले बाहेर पडतात. चार-पाच वर्षांनी त्यांपैकी काही पेढे घेऊन भेटावयास येतात, तर काही रस्त्यात दिसूनही मान वळवून निघून जातात. दोन्ही प्रकारच्या मुलांची हकीकत काढली की 'इंटरव्ह्यू' हा शब्द येतोच. ज्या परीक्षेस आम्ही मुलांना कधी बसवीत नाही, पण जिच्यावर त्यांचे पुढचे बरेचसे आयुष्य अवलंबून असते, ती परीक्षा कोठे व कशी होते आणि तीत उतरलेली मुले पुढे कोणत्या जगात जातात, हे एकदा डोळ्यांनी पाहावे म्हणून २०२५ च्या पावसाळ्यात आम्ही, आमच्या शाळेतील दोन शिक्षक व एक शिक्षिका असे चौघेजण निघालो. प्रवास आमच्याच गावातला आणि दोन रविवार व एक सुट्टीचा दिवस एवढाच; तरी पुष्कळ दूर जाऊन आल्यासारखे वाटले.

पहिला मुक्काम राजवाडा. कारण इंदूरच्या नोकरीचा इतिहास तेथूनच सुरू होतो. १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरची लढाई झाली, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर होळकरांची राजधानी इंदुरास स्थिरावली. येथली हिंदी मंडळी ज्यांना 'दक्षिणी' म्हणत ती मराठी कुटुंबे दप्तरात, खजिन्यात, फौजेत, शाळांत, देवस्थानांच्या कारभारात नोकरीस लागली. वाचकांपैकी अनेकांच्या घरी पणजोबांच्या त्या नोकरीच्या गोष्टी अजून सांगितल्या जात असतील. त्या काळची मुलाखत म्हणजे वळणदार मोडी अक्षर, चोख हिशेब आणि कोणा वडीलधाऱ्याचा शब्द. यांतल्या पहिल्या दोन गोष्टी कष्टाने साधता येत. तिसरी मात्र ज्याची त्यालाच. ज्याच्या पाठीशी शब्द टाकणारे कोणी नसे, तो कितीही हुशार असला तरी देवडीवरूनच परत फिरे. राजवाड्याच्या त्या उंच लाकडी सज्ज्यांखाली उभे राहून आमच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, "आणि बायकांना तर देवडीपर्यंतही यावयाचे कारण नव्हते." ज्या घराण्याचा कारभार अहिल्याबाईंनी जवळजवळ तीस वर्षे पाहिला, त्याच घराण्याच्या दप्तरात बाईला कारकुनी नव्हती, ही गोष्ट विचार करावयास लावणारी खरीच.

१९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले; १९५६ मध्ये मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. दरबारची नोकरी संपली, तशी आमच्या घरांतली मुले शिक्षकी, बँका, वीजमंडळ, रेल्वे अशा वाटांनी पांगली. त्यांच्या मुलांनी तर पुणे आणि मुंबईच गाठली. रामबागेत किंवा लोकमान्यनगरात संध्याकाळी फिरावयास गेलो असता, वरच्या मजल्यावर दिवा नाही अशी घरे मोजण्याची आम्हांस एक खोडच लागली आहे. त्या घरांत मायलेक नाहीत असे नाही. खाली आई-वडील आहेत, वर मुलाची खोली आहे, आणि मुलगा बंगळुरूस आहे.

राजवाड्याहून आम्ही पूर्वेकडे गिरण्यांच्या भागात गेलो. तुकोजीराव होळकर दुसरे यांच्या कारकिर्दीत संस्थानाने स्वतःची कापडगिरणी काढली, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याण अशा गिरण्या पाठोपाठ उभ्या राहिल्या. परदेशीपुऱ्याकडची वस्ती त्यांच्याच भोंग्यावर उठे आणि त्यांच्याच भोंग्यावर जेवे. गिरणीच्या फाटकावर होणारी परीक्षा फार थोडक्यात आटपे. देशातल्या बहुतेक गिरण्यांप्रमाणे येथेही मुकादमाची नजर हीच परीक्षा. ज्याला कायमची जागा नसे तो 'बदली' कामगार. कोणी गैरहजर राहिला तर त्याला काम, नाही तर घरी परत. एवढे असूनही गिरणीने माणसांना एक गोत दिले. अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या गिरणीकामगारांच्या झांक्यांची परंपरा आता शंभर वर्षांच्या घरात आहे. गिरण्या बंद पडल्या, तरी कामगारांच्या समित्या वर्गणी गोळा करून अजून झांक्या काढतात. धनी गेला, धंदा गेला, आणि तरीही सण उरला, असे उदाहरण आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही.

हुकुमचंद गिरणीच्या ओसाड आवारापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. १९१५ च्या सुमारास सुरू झालेली ही गिरणी १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. सकाळी कामावर गेलेल्या माणसांना पुन्हा फाटक उघडले नाही. पगाराची बाकी, ग्रॅच्युइटी, इतर देणी यांसाठी कामगारांनी सभा घेतल्या, न्यायालयात खेटे घातले, आणि अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश सुपूर्द झाला. सुमारे ४,८०० कामगारांचा तो पैसा. मध्ये बत्तीस वर्षे गेली होती. अनेकांच्या नावचा पैसा त्यांच्या विधवांनी किंवा नातवंडांनी घेतला. या गिरणीत माणसाला कामावर घेण्यास एक क्षण पुरे होता आणि निरोपाचा हिशेब करण्यास एक पिढी लागली. पुढे ज्या नव्या कचेऱ्या आम्ही पाहिल्या, त्या पाहताना हा आकडा आमच्या मनातून गेला नाही.

इंदूरच्या कामाचा इतिहास एवढ्यावरच संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. दक्षिणेकडे कृषी महाविद्यालयाचे आवार आहे. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने येथे 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री' ही संस्था उभारली. शेण, काडीकचरा व पालापाचोळा यांपासून खत करण्याची जी रीत त्याने येथे बसवली ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते, आणि तिच्यावरचे त्याचे पुस्तक १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या संस्थेचा दुसरा विशेष फारसा सांगितला जात नाही. शेतावरचा मजूर टिकत नाही, मन लावून काम करीत नाही, ही तक्रार त्या काळीही होती. हॉवर्डने तिचे उत्तर शोधले ते असे: मजुरी ठरल्या दिवशी व पुरी द्यावी, राहावयास नीट जागा द्यावी, कामात पुरेशी विश्रांती व नियमाने सुट्टी असावी, आणि आजारपणात औषधपाण्याची सोय असावी. शास्त्राच्या प्रयोगाइतकीच ही गोष्ट त्याने महत्त्वाची मानली. आजच्या कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून 'कार्यसंस्कृती' या भारदस्त नावाखाली जे सांगितले जाते, त्याचा गाभा या चार ओळींत आलेला आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वी याच काळ्या मातीत, नांगर धरणाऱ्या माणसांसाठी लिहिला गेला होता.

तेथून भंवरकुवा फार दूर नाही. हा चौक म्हणजे आजच्या माळवा-निमाडच्या तरुणांची पंढरीच. खरगोन, बडवाणी, धार, शाजापूर इकडची मुले येथे खोल्या घेऊन राहतात, शिकवण्या लावतात, राज्यसेवेच्या परीक्षा देतात. एका अंगास देवी अहिल्या विश्वविद्यालयाचा परिसर, तर खंडवा रस्त्यालाच क्रिस्टल आयटी पार्कची काचेची इमारत. २००० साली तीन मित्रांनी मिळून इंदुरातच सुरू केलेली इन्फोबीन्स ही कंपनी या इमारतीत वाढली. इम्पेटससारख्या कंपन्यांनीही या शहरात मोठा पसारा मांडला. या साऱ्याच्या मागे शिक्षणाची जुनी तयारी होती हे विसरता कामा नये. गोविंदराम सेकसरिया तंत्रशिक्षण संस्था येथे १९५२ पासून आहे, आणि १९९६ मध्ये आय. आय. एम. व २००९ मध्ये आय. आय. टी. आल्यावर त्या तयारीस कळस चढला.

भंवरकुव्याच्या एका चहाच्या दुकानात आमची एक जुनी विद्यार्थिनी ठरल्याप्रमाणे भेटली. मुलगी मराठी घरातली; घरात मराठी, गल्लीत माळवी-हिंदी, शाळा हिंदी माध्यमाची, आणि अभियांत्रिकीची पुस्तके इंग्रजी. तिने दोन मुलाखतींची हकीकत सांगितली. दोन्ही कंपन्यांची नावे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

पहिल्या ठिकाणी संगणकावरची लेखी परीक्षा ती सहज उतरली. मग समोर बसलेल्या गृहस्थांनी इंग्रजीत सांगितले, "स्वतःविषयी काही सांगा." या प्रश्नाने आमच्या मुलांची जी गाळण उडते तिचे कारण केवळ इंग्रजी नव्हे. आपल्या घरांतून लहानपणापासून शिकवले जाते की आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये, वडीलधाऱ्यांपुढे विचारल्याशिवाय बोलू नये, आपल्या गुणांचा उच्चार दुसऱ्याने करावा. वीस वर्षे हे वळण लावल्यावर एका खोलीत नेऊन मुलीस सांगावयाचे, की आता दोन मिनिटे स्वतःचे गुण गा! ती अडखळली. त्या गृहस्थांनी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहून स्मित केले आणि विचारले, "हिंदी मीडियम?" पुढचे प्रश्न तिला नीट ऐकूच आले नाहीत.

दुसऱ्या ठिकाणी मुलाखत घेणाऱ्या बाई होत्या. त्यांनी 'स्वतःविषयी' विचारलेच नाही. त्या म्हणाल्या, "कॉलेजात तू स्वतःच्या हाताने काय केलेस ते सांग." मग एक कोडे घातले: नावांची एक लांबलचक यादी आहे, अकारविल्हे लावलेली, तीतून एक नाव कमीत कमी खटपटीत कसे शोधशील? मुलगी इंग्रजीत दोन वाक्ये बोलून थांबली. बाई म्हणाल्या, "हिंदी में बताओ, कोई बात नहीं." तेव्हा तिने सांगितले, की शाळेत शब्दकोशात शब्द पाहताना आम्ही पहिल्या पानापासून पाहत नसू. कोश मधोमध उघडावयाचा. हवा तो शब्द अलीकडे असेल तर पलीकडचा अर्धा भाग सोडून द्यावयाचा, उरलेला पुन्हा मधोमध उघडावयाचा. दर खेपेस काम निम्मे होते. हजार नावांत दहा वेळा पाहिले की नाव सापडते, आणि दहा लाख नावे असली तरी वीस वेळांत.

हे ऐकून आम्हां मराठीच्या मास्तरांस मोठी गंमत वाटली. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत साठ हजारांच्या घरात शब्द आहेत. या हिशेबाने फार तर सोळा वेळा उघडझाप केली की कोणताही शब्द हाती यावा. आम्ही जन्मभर हेच करीत आलो. त्याला संगणकशास्त्रात नाव आहे आणि त्यावर नोकरी मिळते, हे मात्र त्या चहाच्या दुकानात कळले. मुलीस ती नोकरी मिळाली. पहिल्या सहा महिन्यांत कंपनीने तिचे इंग्रजीही कामापुरते सुधारून घेतले. ज्ञान आधी पाहावे, भाषा मागाहून शिकवता येते, एवढे त्या बाईंना उमगले होते. इंग्रजीची गरज नाही असे आम्ही म्हणणार नाही. ज्या गिऱ्हाइकांसाठी काम करावयाचे ती परदेशी आहेत. त्यांच्याशी बोलता आले पाहिजे. पण एखाद्याचे बोलणे ऐकून त्याची बुद्धी ठरवणे आणि त्याचे बोलणे कमी पडते म्हणून ते शिकवणे, या दोहोंत माणसाच्या आयुष्याएवढे अंतर आहे.

तिसऱ्या दिवशी सुपर कॉरिडॉरकडे गेलो. बडा गणपतीवरून विमानतळाच्या रस्त्याने गांधीनगर गाठावे, तेथून मेट्रोत बसावे. ३१ मे २०२५ रोजी, अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी, या मेट्रोचा पाच स्थानकांचा व सहा किलोमीटरांहून किंचित कमी असा पहिला टप्पा सुरू झाला. गांधीनगरच्या स्थानकास अहिल्याबाईंचेच नाव आहे. उंचावरून जाणाऱ्या त्या गाडीतून खाली पाहिले म्हणजे एकीकडे पावसाने तरारलेले सोयाबीनचे शेत आणि दुसरीकडे टीसीएस व इन्फोसिस यांची आवारे. ही आवारे राज्यशासनाने दिलेल्या जमिनीवर उभी आहेत. रस्ता इतका रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. गावातल्या गल्लीबोळांत वाढलेल्या आमच्यासारख्यांस तेथे थोडे उघड्यावर पडल्यासारखे वाटते.

त्या दिवशी त्याच बाजूच्या एका कंपनीत कुटुंबीयांसाठी खुला दिवस होता, आणि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आम्हां चौघांस पाहुणे म्हणून नेले. फाटकावर नाव, पत्ता, छायाचित्र झाल्यावर प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला आला. हा बिल्ला म्हणजे येथला भोंगा. तो यंत्रास दाखवल्याखेरीज दार उघडत नाही, आणि कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, हे सारे तो मुकाट्याने लिहून ठेवतो. गिरणीचा भोंगा साऱ्या वस्तीला ऐकू येई; याचा आवाज फक्त कचेरीच्या संगणकास ऐकू येतो.

आत गेल्यावर पहिले नवल हे की 'साहेब' कोणता ते ओळखू येत नाही. वरिष्ठांस वेगळी खोली नाही, आणि पंचविशीचा मुलगा पन्नाशीच्या वरिष्ठास नुसत्या नावाने हाक मारतो. आमचे एक सहकारी कानात कुजबुजले, "उद्या शाळेत मुलांनी हे सुरू केले तर?" आम्ही म्हटले, "हाक कशी मारतात यापेक्षा हाकेला ओ कोण देतो ते पाहू." विद्यार्थ्याने सांगितले की रोज सकाळी प्रत्येक गट पंधरा मिनिटे उभ्याउभ्या बैठक करतो, प्रत्येकाने तीन गोष्टी सांगावयाच्या: काल काय केले, आज काय करणार, आणि अडचण कोणती. 'अडचण कोणती' हा प्रश्न वरिष्ठांनी रोज विचारावा आणि त्याचे उत्तर देणाऱ्यास कामचुकार समजू नये, ही गोष्ट शासकीय सेवेत केस पांढरे केलेल्या आम्हांस फार मोलाची वाटली.

त्याहूनही एक रीत आमच्या ध्यानात राहिली. कंपनीचे एखादे काम मध्येच बंद पडले, गिऱ्हाइकाचा खोळंबा झाला, तर नंतर एक टिपण लिहितात. त्यात काय घडले, केव्हा ध्यानात आले, पुन्हा घडू नये म्हणून काय करावयाचे, हे असते. कोणाच्या हातून घडले हे लिहीत नाहीत. आमच्याकडे अशा प्रसंगी 'कारणे दाखवा' नोटीस निघते आणि तीत नावाखेरीज बहुधा दुसरे काहीच नसते. नाव लिहिण्याची भीती गेली की माणसे खरे सांगू लागतात, हे सांगताना आमच्या विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर आलेला मोकळेपणा आम्ही शाळेत कधी पाहिला नव्हता.

परंतु सारेच गोड नाही. अमेरिकेत न्यूयॉर्कला सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते. ऋतूप्रमाणे साडेनऊ ते साडेदहा तासांचे अंतर आहे. त्यामुळे गिऱ्हाइकाशी बोलण्याची वेळ नेमकी आपल्या जेवणाची. घरी ताट वाढलेले असते आणि मुलगा खोलीचे दार लावून कानाला यंत्र लावून बसलेला असतो. रात्री अकराला तो मोकळा होतो आणि मित्रांबरोबर सराफ्यात जातो. सोन्याचांदीची दुकाने मिटल्यावर त्याच ओट्यांसमोर खाण्याची दुकाने मांडणारा हा बाजार जणू या पिढीसाठीच जागत होता, असे गमतीने म्हणता येईल. आईला मात्र ती गंमत वाटत नाही. दुसरी गोष्ट 'बेंच'ची. हातात काम नसलेल्या माणसास तेथे बेंचवर असलेला म्हणतात. गिरणीतल्या बदली कामगारास त्या दिवसाची मजुरी मिळत नसे. यांना पगार मिळतो, पण काळजी तीच. २०२५ च्या जुलैत टीसीएसने जगभरातील आपल्या कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करावयाचे जाहीर केले, तेव्हा इंदुरातल्या कितीतरी घरांत त्या रात्री तोच एक विषय होता. काचेच्या भिंती विटांच्या भिंतींपेक्षा टिकाऊ असतात असे मानण्यास आधार नाही.

मग मुलांस सांगावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे, की मुलाखत ही दोन्ही बाजूंची परीक्षा आहे, आणि आपली मुले तिचा एकच अर्धा भाग देऊन येतात. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन ती उठतात. शेवटी समोरचा विचारतो, "तुम्हांला काही विचारावयाचे आहे का?" त्यावर ती संकोचाने "नाही" म्हणतात. तेथेच खरी परीक्षा सुरू व्हावयास हवी. वर्षाचा म्हणून जो आकडा सांगितला, त्यातला दरमहा हाती किती येणार? मोठ्या कंपन्यांतून नवख्यास वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास सांगतात. भविष्यनिर्वाह निधी आणि कामगिरीवर अवलंबून असणारा भाग वजा जाता महिन्याला हाती येणारी रक्कम पंचवीस हजारांच्या आसपास राहते. नोकरी सोडावयाची झाल्यास किती दिवस आधी कळवावयाचे? काही ठिकाणी ही मुदत तीन महिन्यांची असते. बंधपत्र आहे काय, आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतात काय? ठेवून घेत असतील तर तेथून उठावे. रात्रीच्या पाळीस मुलींना घरपोच सोडण्याची सोय आहे काय? आणि ही चौकशी करण्याआधीची एक गोष्ट: मुलाखतीसाठी किंवा नेमणूकपत्रासाठी कोणी पैसे मागत असेल, तर तो कोणत्याही कंपनीचे नाव सांगो, तो ठक समजावा. खऱ्या कंपन्या उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

निरोपाविषयीही विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आहेत. त्यांनुसार कामावर घेतलेल्या माणसास लेखी नेमणूकपत्र मिळावयास हवे, आणि नोकरी सुटल्यावर त्याच्या वेतनाचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता व्हावयास हवा. हुकुमचंद गिरणीच्या फाटकापाशी उभे राहून हे 'दोन दिवस' वाचावेत, म्हणजे त्यांची किंमत कळते. कायदा कागदावर आहे. तो कचेरीत उतरतो की नाही हे विचारणाऱ्यावर अवलंबून राहील.

हे सारे आम्ही एवढ्या आस्थेने लिहितो त्याचे कारण नुसते नोकरीचे नाही. सुपर कॉरिडॉरवर नोकरी लागलेला मुलगा रात्री घरी येतो. बंगळुरूपेक्षा पगार कमी असेल, पण भाडे द्यावयाचे नाही, आईच्या गुडघ्याचे औषध कोण आणील हा प्रश्न नाही, गणपतीची आरती म्हणावयास घरात एक तरुण आवाज आहे. २०२० मध्ये घरून काम करण्याची रीत आली तेव्हा बाहेरगावची मुले परत आली होती. त्यांपैकी थोडी येथेच राहिली. वरच्या मजल्यावरचे काही दिवे त्यामुळे पुन्हा लागले. हे दिवे टिकावयाचे असतील तर आपल्या मुलांनी या दारांशी मान खाली घालून जाऊ नये, आणि दारांच्या आतल्या माणसांनीही तीन भाषांतून वाट काढत आलेल्या मुलांकडे 'हिंदी मीडियम' म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.

या प्रवासानंतर आमच्या विद्यालयात आम्ही एक छोटी प्रथा सुरू केली आहे. शनिवारी प्रार्थनेनंतर अकरावी-बारावीतील एकेका विद्यार्थ्याने पुढे यावे आणि 'मी स्वतःच्या हाताने काय केले' ते तीन मिनिटे, येईल त्या भाषेत सांगावे. त्यात गुणगान नको, केलेले काम तेवढे हवे. कोणी सायकलचा दिवा दुरुस्त केलेला सांगतो, कोणी दूधवाल्या वडिलांचा हिशेब मोबाइलवर मांडलेला दाखवते. बोलणे झाल्यावर आम्ही शिक्षक कंपनीचे अधिकारी होऊन बसतो, आणि त्याने आम्हांस निदान एक प्रश्न विचारलाच पाहिजे असा नियम आहे. पहिले काही शनिवार मुले पगाराखेरीज काही विचारीत नसत. गेल्या महिन्यात परदेशीपुऱ्याकडच्या एका मुलाची पाळी होती. त्याचे आजोबा गिरणीत होते हे आम्हांस ठाऊक होते. त्याने दोन्ही हात मागे बांधून, अगदी सभ्यपणे, हिंदीत विचारले, "सर, जाते समय हिसाब कितने दिन में मिलेगा?"